स्वतः बांधलेल्या विमानात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे प्रयोग कसे करावेत

वैमानिकाच्या हातातल्या स्टिकपासून एलेव्हेटरपर्यंत (शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पृष्ठापर्यंत) जाणारा पुशरॉड, म्हणजे ढकल-ओढ करणारा दांडा, ही विमानातली सर्वांत निमूटपणे काम करणारी वस्तू आहे. त्याला वीज लागत नाही, त्याला गणित करावे लागत नाही, आणि तो निकामी होण्याआधी बहुतेक वेळा ढिला होतो. ती ढिलाई वैमानिकाच्या हाताला वेळेवर कळते. या पुशरॉडच्या जोडीला मोटर, तारा, सेन्सर आणि मायक्रोकंट्रोलर आणले की विमानाला पुष्कळ काही मिळते, कारण झोतांच्या हवेत ते शांत राहते, लांबच्या उड्डाणात हाताला विसावा मिळतो आणि स्टॉल (पंखांची उचल अचानक घटणे) जवळ येत असल्याची सूचना स्टिकमधूनच देता येते. मात्र त्याबरोबर बिघाडाच्या अशा तऱ्हाही विमानात शिरतात, ज्यांची चाहूल हाताला आधी लागत नाही. म्हणून पुढची सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: यांत्रिक जोडणी काढायची नाही, आणि इलेक्ट्रॉनिक्सला प्रत्येक टप्प्यावर तेवढाच अधिकार द्यायचा, जेवढा वैमानिक एका हाताच्या जोराने मोडून काढू शकेल आणि एका बटणाने तोडू शकेल.

हा नियम भित्रेपणाचा वाटत असेल तर इतिहास पाहावा. अमेरिकेच्या नासाने २५ मे १९७२ रोजी एफ-८ क्रुसेडर हे विमान डिजिटल फ्लाय-बाय-वायरवर, म्हणजे दांड्यांऐवजी तारांतून जाणाऱ्या संगणकाच्या आदेशांवर, उडवले, तेव्हा त्यातली यांत्रिक जोडणी खरोखरच काढलेली होती. परंतु मुख्य संगणक अपोलो चांद्रमोहिमेसाठी सिद्ध झालेला होता, आणि तरीही त्याच्या पाठीशी तीन वाहिन्यांची स्वतंत्र ॲनालॉग व्यवस्था ठेवलेली होती. ज्यांच्या हाताशी एवढी साधने होती, त्यांनाही एकाच संगणकावर विसंबावेसे वाटले नाही. शेडमध्ये एकट्याने काम करणाऱ्याची राखीव व्यवस्था म्हणजे त्याचा पुशरॉड किंवा केबल, आणि ती आयती उपलब्ध आहे.

सुरुवात करण्याआधी दोन अटी पूर्ण असाव्यात. विमानाची प्राथमिक चाचणी-उड्डाणे मूळच्या यांत्रिक नियंत्रणावर झालेली असावीत, कारण विमान नवे आणि नियंत्रणही नवे असे दोन प्रयोग एकत्र केले तर दोष कशाचा हे ओळखता येत नाही. दुसरी अट कागदोपत्री आहे. नियंत्रण-व्यवस्थेतला बदल हा जवळजवळ सर्वत्र मोठा बदल मानला जातो, त्यामुळे विमान जिथे नोंदलेले आहे तिथल्या नियामकाशी पहिले भोक पाडण्याआधी बोलावे.

पहिला टप्पा: काहीही न हलवता मोजणे

बहुतेक जण सर्व्हो, म्हणजे पृष्ठ हलवणारी मोटर, विकत घेण्यापासून सुरुवात करतात आणि मग त्याला काम शोधतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. पहिले दहा-पंधरा तास विमानात फक्त नोंदणी करणारी यंत्रणा बसवावी. स्टिक, पेडल आणि तिन्ही नियंत्रण-पृष्ठे (एलेव्हेटर, पंखांवरचे एलेरॉन आणि शेपटीचा रडर) यांच्या बिजागरीजवळ चुंबकीय हॉल-सेन्सर, फिरणे आणि त्वरण मोजणारा एक जायरो-ॲक्सेलेरोमीटर, वेग आणि उंची कळण्यासाठी पिटो-स्टॅटिक दाब मोजणारे दोन सेन्सर, आणि सेकंदाला १०० नोंदी कार्डावर लिहिणारा छोटा संगणक एवढे पुरते. पोटेन्शिओमीटर टाळावा, तो घासून झिजतो आणि झिजलेल्या जागी खोटे आकडे देतो. हॉल-सेन्सरमध्ये घासणारा भागच नसतो.

या नोंदींतून पहिली गोष्ट उलगडते ती स्वतःच्या हाताची. क्रूझमध्ये एलेव्हेटर जेमतेम एक-दोन अंशांत फिरतो, आणि झोतांच्या वाऱ्यात उतरताना, जमिनीपासून शेवटच्या काही मीटरांत, तोच एलेव्हेटर क्रूझच्या कितीतरी पट वेगाने मागेपुढे जातो. सर्व्होला किती वेग हवा हे या शेवटच्या काही सेकंदांवरून ठरते. क्रूझची नोंद पाहून सर्व्हो निवडणारा माणूस दिवसभर समाधानी राहतो आणि नेमका उतरताना अडचणीत येतो. दुसरी गोष्ट म्हणजे स्टिकची हालचाल आणि पृष्ठाची हालचाल यांत पडणारा फरक. दोन्ही टोकांना सेन्सर असल्यामुळे, पृष्ठावर हवेचा भार असताना केबल किती ताणली जाते, हे वेगागणिक स्पष्ट दिसते. हा आलेख जपून ठेवावा. पुढे एखादा आकडा बदललेला आढळला तर मूळ कसे होते ते यावरूनच कळेल.

बळाचा हिशेब

नियंत्रण-पृष्ठ फिरवायला लागणारा टॉर्क हवेच्या गतिज दाबाच्या प्रमाणात, म्हणजेच वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हिशेब साधा आहे: बिजागरी-गुणांक गुणिले गतिज दाब गुणिले पृष्ठाचे क्षेत्रफळ गुणिले पृष्ठाची रुंदी. उदाहरणार्थ ०.८ चौरस मीटर क्षेत्रफळाचा आणि २५ सेंटिमीटर रुंदीचा एलेव्हेटर घेऊ, आणि त्या विचलनाला गुणांक ०.१ धरू. समुद्रसपाटीच्या हवेत सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेगाला गतिज दाब सुमारे १,५३० पास्कल होतो, आणि टॉर्क येतो सुमारे ३१ न्यूटन-मीटर. वेग सेकंदाला ७० मीटर केला की तोच टॉर्क ६० न्यूटन-मीटरवर जातो. मॉडेल-विमानांसाठी मिळणारा, डबीवर ३५ किलोग्रॅम-सेंटिमीटर लिहिलेला दमदार सर्व्हो जेमतेम ३.४ न्यूटन-मीटर देतो. शेडमध्ये पृष्ठ हाताने हलवले तर ते पिसासारखे फिरते, आणि त्या अनुभवावर विसंबून घेतलेला सर्व्हो हवेत गेल्यावर नुसता गुरगुरत राहतो.

टॉर्कनंतर शक्ती काढावी. ६० न्यूटन-मीटर टॉर्क धरून सेकंदाला ४० अंश फिरवायचे तर निव्वळ यांत्रिक शक्ती ४२ वॅट लागते; मोटर आणि गिअर मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह होतो. मोटर अडकून थांबली तर प्रवाह याच्या कितीतरी पट चढतो, आणि तारा व फ्यूज त्या आकड्यासाठी निवडायचे असतात.

आता हाच हिशेब उलट बाजूने करावा, कारण सुरक्षिततेचा प्रश्न तिथे आहे. सर्व्होने चुकीच्या दिशेला पूर्ण ताकद लावली तर स्टिकवर किती बळ येईल? लहान विमानांच्या जुन्या अमेरिकी प्रमाणन-नियमांत स्टिकवर पिचसाठी (नाक वर-खाली करण्यासाठी) थोड्या वेळाची मर्यादा ६० पौंड, म्हणजे सुमारे २७ किलो, आणि दीर्घकाळाची मर्यादा १० पौंड, म्हणजे सुमारे साडेचार किलो दिलेली होती. हे दोन आकडे मार्गदर्शक धरावेत. माझा स्वतःचा दंडक याहून कडक आहे. क्लच (सर्व्होला नियंत्रणाशी जोडणारा, सोडवता येणारा दुवा) घसरायला लागण्याची मर्यादा स्टिकच्या मुठीशी ८ किलोच्या वर नेऊ नये, मग त्यामुळे सर्व्हो जास्त वेगाला अपुरा पडला तरी चालेल. अपुरा पडलेला सर्व्हो गैरसोयीचा असतो. न हरणारा सर्व्हो जीवघेणा असतो.

सर्व्हो कुठे आणि कसा जोडावा

जोडणीच्या दोन पद्धती आहेत. समांतर जोडणीत सर्व्हो बेलक्रँकला (दांड्याची दिशा बदलणाऱ्या कोनी भुजेला) बाजूने जोडलेला असतो, त्यामुळे सर्व्हो हलला की स्टिकही हलते आणि यंत्र काय करते आहे हे वैमानिकाला सतत हातात कळते. एकसर जोडणीत सर्व्हो पुशरॉडच्या मधोमध बसून त्याची लांबी कमी-जास्त करतो. स्टिक स्थिर राहते आणि पृष्ठ मात्र हलते. डँपिंगसाठी (आंदोलने शमवण्यासाठी) दुसरी पद्धत सुबक आहे, पण तिच्यात सर्व्हो हा मूळ साखळीचाच एक दुवा होतो, म्हणजे तो तुटला तर नियंत्रणच तुटते. पहिला प्रयोग समांतर जोडणीनेच करावा. एकसर जोडणी पुढे कधी केलीच, तर तिचा प्रवास एकूण हालचालीच्या दहा टक्क्यांपुरता धातूच्या थांब्यांनी मर्यादित करावा. सॉफ्टवेअरमधली मर्यादा ही मर्यादा नव्हे.

समांतर जोडणीत तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे वीज गेली की सुटणारा क्लच. मोठ्या गिअर-प्रमाणाची मोटर मागून ढकलून फिरत नाही, त्यामुळे क्लच नसेल तर बंद पडलेली मोटर नियंत्रणाला कुलूप लावते. दुसरी म्हणजे घसरणारा क्लच किंवा ठरावीक बळाला तुटणारी शिअर-पिन, कारण पहिला क्लच चिकटून बसू शकतो. तिसरी गोष्ट लहान दिसते आणि नेमकी विसरली जाते. सर्व्होची भुजा आणि तिला जोडलेला दांडा एका रेषेत आले की भुजा पलीकडे उलटते आणि तिथेच अडकते. मग स्टिकला कितीही जोर लावला तरी ती परतत नाही. भुजा मध्यबिंदूपासून दोन्ही बाजूंना ६० अंशांच्या आत राहील अशी भूमिती ठेवावी, आणि त्या मर्यादेवर सर्व्हो ज्या पाटीवर बसतो तिच्यावरच लोखंडी थांबे बसवावेत. मग स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन, टॉर्च हातात घेऊन, भुजा डोळ्यांनी पाहावी. यासाठी दोन माणसे लागतात. एकट्याने केलेली ही तपासणी मी तपासणी धरत नाही.

भुजा शाफ्टवर केवळ घर्षणाच्या स्क्रूने धरलेली नसावी. दातेरी शाफ्ट असावा किंवा आरपार पिन असावी, आणि प्रत्येक नटाला कॉटर-पिन किंवा लॉक-वायर असावी. ज्या बोल्टवर जीव अवलंबून आहे, त्यावर नायलॉनचे लॉकनट आणि फिरणारा सांधा ही जोडी चालत नाही.

फ्लटर

फ्लटर म्हणजे हवेच्या झोताने पृष्ठाची आपोआप वाढत जाणारी फडफड. पृष्ठावर केलेल्या कोणत्याही बदलाने ती सुरू होण्याचा वेग बदलू शकतो, आणि फ्लटर हा असा दोष आहे की तो उडताना कळेपर्यंत शेपूट उरलेली नसते. म्हणून पृष्ठाच्या मागच्या भागात, बिजागरीच्या मागे, सर्व्हो, सेन्सर किंवा तार यांपैकी काहीही बसवू नये. तिथे ठेवलेले प्रत्येक ग्रॅम पुढच्या समतोल-वजनाला पुसून टाकते. ट्रिम-टॅबचा (स्टिकवरचा सततचा भार घालवणाऱ्या, पृष्ठाच्या कडेवरच्या छोट्या पट्टीचा) सर्व्हो एलेव्हेटरच्या आत बसवणे भागच असेल, तर पृष्ठ पुन्हा काढून, रंगासहित, सुरीच्या धारेवर तोलावे आणि विमानाच्या रचनाकाराने दिलेल्या समतोलाशी ताडून पाहावे.

दुसरा शत्रू म्हणजे ढिलाई. हॉर्न, म्हणजे दांडा जिला जोडतो ती पृष्ठावरची भुजा, ६० मिलिमीटर लांब असेल आणि दांड्याच्या टोकाला ०.२ मिलिमीटरची मोकळीक असेल, तर ३०० मिलिमीटर मागे असलेली पृष्ठाची कड पूर्ण १ मिलिमीटर हलते. एवढीशी ढिलाई बोटाला जाणवतही नाही. सर्व्हो धरून ठेवून मागची कड दोन बोटांच्या चिमटीत हलवावी आणि डायल-गेजने मोजावी. हे माप वहीत लिहावे आणि दर २५ तासांनी पुन्हा घ्यावे. टॅबच्या बाबतीत तर कोणतीही ढिलाई वाईटच, कारण टॅबला बहुधा समतोल-वजन नसते आणि केवळ जोडणीचा ताठरपणा त्याला धरून ठेवतो.

वीज आणि तारा

संगणकाचा वीजपुरवठा आणि सर्व्होचा वीजपुरवठा वेगळा ठेवावा. सर्व्होने अचानक प्रवाह ओढला की व्होल्टेज खाली बसते, आणि संगणक त्याच मार्गावर असेल तर तो नेमका कामाच्या क्षणी नव्याने सुरू होतो. संगणकाला मुख्य बस (विमानाची मुख्य वीज-वाहिनी) आणि छोटी स्वतंत्र बॅटरी अशा दोन्हींकडून डायोडमधून वीज द्यावी. मग टेबलावर बदलत्या व्होल्टेजच्या पुरवठ्याने १४ व्होल्टपासून हळूहळू ६ पर्यंत खाली यावे, पुन्हा वर न्यावे, मग हेच झटक्याने करावे. या सगळ्यात एकच अपेक्षा आहे: संगणक जेव्हा जेव्हा नव्याने सुरू होईल, तेव्हा क्लच सुटलेलाच असला पाहिजे, आणि वैमानिकाने पुन्हा हाताने जोडल्याशिवाय जुळता कामा नये.

तोडण्याचे बटण स्टिकवर, अंगठ्याखाली, डोळे न वळवता सापडेल असे असावे. ते बटण संगणकाला विनंती करणारे नसावे. क्लचच्या विजेची तारच त्यातून गेलेली असावी, म्हणजे दाबले की वीज तुटते आणि संगणकाचे मत काहीही असले तरी क्लच सुटतो. विजेच्या ट्रिमलाही हाच न्याय लावावा. ट्रिम आपोआप धावत सुटणे हा मुख्य सर्व्होच्या बिघाडाइतकाच गंभीर प्रकार आहे, आणि चिकटलेला एक रिले त्याला पुरतो. बटण सलग ३ सेकंदांपेक्षा जास्त दाबलेले राहिले तर मोटर थांबवणारा वेगळा टायमर, वेग वाढेल तशी ट्रिमची गती कमी करणारी व्यवस्था, आणि हाताच्या अंतरावर वेगळा ब्रेकर, एवढे तरी ट्रिमसाठी करावे.

तारांच्या बाबतीत एक प्रसंग सांगतो. आमच्या विमानात समांतर सर्व्हो बसवून महिना झाला होता आणि जमिनीवरच्या सगळ्या चाचण्या नीट पार पडल्या होत्या. एका संध्याकाळी मी कॉकपिटमध्ये बसून रेडिओ तपासत होतो आणि माझा सहकारी शेपटीजवळ उभा होता. त्याने हात वर केला आणि पुन्हा बोल असे खुणावले. मी बोलण्याचे बटण दाबले की एलेव्हेटरची मागची कड बोटभर खाली जायची, सोडले की परत यायची. स्टिकही हलत होती, पण मी तिला गुडघ्यांत धरून बसलो होतो आणि ती थरथर मला इंजिन बंद असलेल्या विमानाची सहज हालचाल वाटली होती. फ्रीक्वेन्सी बदलली की दोष नाहीसा व्हायचा, आणि आम्ही महिनाभर एकाच फ्रीक्वेन्सीवर तपासत आलो होतो.

कारण शोधायला तीन संध्याकाळी गेल्या. सेन्सरकडून येणारी तार रेडिओच्या अँटेना-केबलला लागून गेली होती, आणि शेवटच्या तुकड्यात तिचे धातूचे आवरण सोलून सुमारे ६० सेंटिमीटर उघडी राहिली होती. विमानांचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतो. १२० मेगाहर्ट्झला तरंगलांबी अडीच मीटर, आणि तिचा पाव भाग सुमारे ६२ सेंटिमीटर होतो. आम्ही नकळत एक उत्तम अँटेना बनवली होती. तार वेगळ्या मार्गाने नेली, पीळ घातलेली जोडतार घेतली, आवरण कनेक्टरच्या कवचापर्यंत पूर्ण नेले, सेन्सरच्या तोंडाशी फिल्टर बसवला, आणि ॲनालॉग व्होल्टेज लांब नेण्याऐवजी मापन सेन्सरपाशीच करून कॅन-बसवर (उपकरणांत संदेश नेणाऱ्या सामायिक तारजोडीवर) आकडे पाठवायला सुरुवात केली. कॅन-बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोधक हवेतच. एकच लावला तरी टेबलावर सगळे चालते आणि लांब तारेवर अधूनमधून संदेश गळतात.

त्या दिवसापासून आमच्या यादीत एक ओळ आहे: खालची, मधली आणि वरची अशा किमान सहा फ्रीक्वेन्सींवर, इंजिन चालू आणि बंद, स्ट्रोब, लँडिंग-लाइट, फ्लॅपची मोटर आणि खिशातला फोन, सगळे आळीपाळीने चालू करून, दुसऱ्या माणसाने पृष्ठांकडे पाहायचे.

संगणक आणि त्याचा उशीर

नियंत्रणाचा मुख्य फेरा ठरलेल्या कालावधीने चालला पाहिजे. सेकंदाला १०० ते २०० फेरे लहान विमानाला पुरतात. उड्डाणात नव्याने मेमरी मागणारा कोड नसावा, कार्डावर नोंद लिहिण्यासाठी मुख्य फेरा थांबता कामा नये, आणि वॉचडॉगला (ठरल्या वेळी जाग मिळाली नाही तर संगणक नव्याने सुरू करणाऱ्या पहारेकऱ्याला) जाग देण्याचे काम टायमरच्या इंटरप्टमध्ये, म्हणजे मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये, कधीही ठेवू नये, कारण मुख्य फेरा अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि वॉचडॉग समाधानाने स्वस्थ बसतो. जाग मुख्य फेऱ्याच्या शेवटी, सर्व पायऱ्या पार पडल्याची खूण पाहूनच द्यावी.

उशीर हा या विषयातला सर्वांत कमी लेखला जाणारा धोका आहे. वैमानिकाची हालचाल आणि विमानाचा प्रतिसाद यांत यंत्रणेने घातलेला उशीर एका मर्यादेपलीकडे गेला की वैमानिक दुरुस्ती करतो ती चुकीच्या वेळी पोहोचते, तो अधिक जोराने करतो, आणि आंदोलने वाढत जातात. अमेरिकी लष्करी प्रमाणात उत्तम दर्जाच्या नियंत्रणासाठी ही मर्यादा ०.१ सेकंद दिलेली आहे. स्पेस शटल एंटरप्राइझ २६ ऑक्टोबर १९७७ रोजी उतरताना असेच डोलले आणि धावपट्टीवर उसळले. स्वीडनच्या ग्रिपेन विमानाचा पहिला नमुना २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना अशाच आंदोलनांत कोसळला, आणि १९९३ मध्ये स्टॉकहोमच्या आकाशात दुसरे ग्रिपेन पडले. तिथे पृष्ठांच्या वेगाची मर्यादा गाठली जाणे हे मूळ होते. सर्व्हो त्याच्या कमाल वेगाला पोहोचला की तोही एक प्रकारचा उशीरच असतो, आणि तो नेमका घाईच्या क्षणी येतो. म्हणून सेन्सरचा फिल्टर, फेऱ्याचा काळ, बसवरचा प्रवास आणि सर्व्होचा प्रतिसाद हे सगळे उशीर मोजून एका ओळीत मांडावेत आणि त्यांची बेरीज करावी. घरगुती यंत्रणेत सर्वांत मोठा वाटा बहुधा फिल्टरचा निघतो, कारण इंजिनाच्या कंपनांनी जायरोचे आकडे थरथरतात आणि बांधणारा फिल्टर घट्ट करत जातो. त्याऐवजी सेन्सर रबरी पायांवर बसवावा आणि नमुने जास्त वेगाने घ्यावेत.

एका सेन्सरच्या शब्दावर पृष्ठ हलवणे मला मान्य नाही. बोइंग ७३७ मॅक्सच्या एमकॅस या आपोआप ट्रिम फिरवणाऱ्या यंत्रणेने, समोरच्या हवेशी विमानाचा कोन मोजणाऱ्या एकाच सेन्सरवर विश्वास ठेवून, नाक खाली दाबत नेले, आणि ऑक्टोबर २०१८ व मार्च २०१९ मधल्या दोन अपघातांत मिळून ३४६ माणसे गेली. दोन सेन्सर असतील तर मतभेद ओळखता येतो, पण खरा कोण ते कळत नाही. तीन असतील तर मधला आकडा घेता येतो. मात्र तिन्ही एकाच बनावटीचे आणि एकाच सॉफ्टवेअरवरचे असतील तर ते एकाच वेळी एकच चूक करतात. ४ जून १९९६ रोजी एरियान ५ अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात मुख्य आणि राखीव दोन्ही दिशादर्शक एकाच कारणाने बंद पडले, कारण ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही आणि दोघांचे सॉफ्टवेअर एकच होते.

यातून घरी बांधणाऱ्याने काढायचा निष्कर्ष असा की बिघाडानंतरही काम चालू ठेवणारी यंत्रणा बांधण्याच्या मागे लागू नये. बिघाड ओळखून शांतपणे बाजूला होणारी यंत्रणा बांधावी, कारण बाजूला झाल्यावर पुशरॉड आहेच. यासाठी दोन सेन्सर आणि दुसरा लहान मायक्रोकंट्रोलर पुरतो. त्या दुसऱ्याचा कोड वेगळ्या माणसाने, पहिल्याचा कोड न पाहता लिहावा, आणि त्याचे काम एवढेच असावे: दोन सेन्सरांचे पटते का, सर्व्हो सांगितलेल्या जागी आहे का, वेग आणि कोन मर्यादेत आहेत का, आणि यांतले एकही चुकले तर क्लचची वीज तोडून शिट्टी वाजवायची. शिवाय जोडताना सर्व्होने पृष्ठाच्या चालू स्थितीपासून सुरुवात करावी, आणि अधिकाराच्या मर्यादेला टेकल्यावर इंटिग्रेटर (चूक साठवत जाणारा हिशेब) थांबावा. नाहीतर साठलेली चूक सुटण्याच्या क्षणी विमानाला झटका देते.

टेबलावरून हवेत

पूर्ण यंत्रणा आधी टेबलावर, खऱ्या लांबीच्या तारांसह आणि स्प्रिंगने भार दिलेल्या खोट्या पृष्ठासह मांडावी. संगणकाला एक्स-प्लेन किंवा फ्लाइटगिअर अशा सिम्युलेटरमधून सेन्सरचे आकडे पुरवावेत आणि सर्व्होची खरी स्थिती सिम्युलेटरला परत द्यावी, म्हणजे खरा सर्व्हो, खरा उशीर आणि खोटी हवा असे उड्डाण होते. या मांडणीवर किमान ५० तास चालवावे, आणि त्यातला मोठा भाग मोडतोडीत घालवावा: सेन्सरची तार उपटावी, बसची दोन टोके जोडून टाकावीत, सर्व्होची भुजा हाताने धरून ठेवावी, पिटोचे तोंड बंद केल्यासारखे आकडे द्यावेत. प्रत्येक मोडीला अपेक्षित वर्तन आधी लिहून ठेवावे आणि मग मोडावे. उलट क्रमाने केले तर जे घडले तेच योग्य वाटू लागते.

जमिनीवर विमानात बसवल्यावर आणखी एक जुनी चूक तपासावी, ती म्हणजे उलट दिशा. विमानाची शेपूट उचलून नाक खाली करावे आणि एलेव्हेटर वर जातो का हे पाहावे. डावा पंख खाली दाबून डावा एलेरॉन खाली येतो का हे पाहावे. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की हे पुन्हा करावे.

पहिली उड्डाणे एकट्याने, पॅराशूट घालून, शांत हवेत आणि जमिनीपासून किमान ३,००० फुटांवर करावीत. वेग मधला असावा, म्हणजे स्टॉलपासूनही दूर आणि कमाल मर्यादेपासूनही दूर. क्लचची मर्यादा ठरलेल्या आकड्याच्या निम्म्यावर ठेवावी. पहिल्या उड्डाणात यंत्रणा दहा वेळा जोडावी आणि दहा वेळा बटणाने तोडावी, बाकी काही करू नये. नंतर वेग ५ नॉटच्या पायऱ्यांनी वाढवावा, प्रत्येक पायरीवर स्टिकला हलका टोला द्यावा आणि आंदोलने किती फेऱ्यांत विरतात ते नोंदवावे. दोन फेऱ्यांत विरली नाहीत तर वेग तिथेच थांबवून खाली यावे, आणि आकडा हवेत बदलू नये.

त्यानंतरची चाचणी अप्रिय असली तरी टाळता येत नाही. सॉफ्टवेअरमधून मुद्दाम बिघाड घडवून सर्व्हो एका बाजूला पळवावा, आधी अर्धा अंश, मग एक, मग दोन. पहिल्यांदा लगेच तोडावे, मग एक सेकंद थांबून, मग दोन. प्रमाणित ऑटोपायलटांच्या क्रूझमधल्या चाचणीत बिघाड लक्षात आल्यानंतर आणखी ३ सेकंद थांबण्याची पद्धत आहे, कारण खऱ्या वैमानिकाचे लक्ष नकाशात असू शकते. तीन सेकंदांत विमान जिथे पोहोचते तिथून सहज सावरता येत नसेल, तर क्लचची मर्यादा किंवा सर्व्होचा वेग कमी करावा आणि पायऱ्या पहिल्यापासून चढाव्यात. उतरताना वापरण्याचा विचार हे सगळे झाल्यावर, आणि माझ्या मते यंत्रणेचे १०० तास बिनतक्रार भरल्यावरच करावा.

प्रत्येक उड्डाणाआधीची तपासणी मात्र पहिल्या दिवसापासून एकच राहते. यंत्रणा बंद ठेवून स्टिक चारही कोपऱ्यांत न्यावी, यंत्रणा जोडून तीच हालचाल क्लचला हरवत करावी, अंगठ्याने बटण दाबून स्टिक मोकळी झाल्याचे हाताने अनुभवावे, आणि बटण सोडल्यावर ती मोकळीच राहते याची खात्री झाल्यावर ब्रेक सोडावेत.